स्वतःचं ख्रिस्ती राज्य उभारायला निघालेली माणसं (आणि आमचं ग्रीनव्हिल)

रीडीकाठचा

ग्रीनव्हिलला येऊन नऊ वर्षं झाली. साऊथ कॅरोलायनाचा हा वरचा, डोंगराकडचा कोपरा. इथे त्याला 'अपस्टेट' म्हणतात. बीएमडब्ल्यू आणि मिशेलिनमुळे आपली माणसंही बऱ्यापैकी आहेत. नवीन माणूस भेटला की तिसरा प्रश्न ठरलेला, "तुम्ही कुठल्या चर्चला जाता?" 'जाता का' नाही, 'कुठल्या'. पहिल्यांदा दचकलो होतो. मग कळलं की हे आपल्या "मूळ गाव कुठलं?" सारखंच आहे. मॉल्डिनच्या देवळात जातो म्हटलं की "अरे वा" म्हणतात आणि विषय फुटबॉलवर जातो.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीत गॅरेज सेल होता. काचेच्या झाकणाच्या बरण्या, बी-बियाण्यांचे डबे, घरीच मुलांना शिकवायची पुस्तकं. जास्तच व्यवस्थित सामान होतं. शेजारचे आजोबा हळूच म्हणाले, "हा माणूस नवीन देश करायला आला होता इथे." मला वाटलं चेष्टा करतायत. घरी येऊन वाचत बसलो तर रात्रीचा एक वाजला.

तर गोष्ट अशी. २००३ साली कोरी बर्नेल नावाच्या टेक्सासमधल्या एका तरुण गुंतवणूक सल्लागाराने 'ख्रिश्चन एक्झोडस' ही संघटना काढली. बेत सरळ होता. देशभरातल्या कडव्या ख्रिस्ती कुटुंबांनी तुकड्यातुकड्यांनी, हजारोंच्या संख्येने एकाच राज्यात राहायला जायचं. आधी शाळा मंडळ, शेरीफ, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) निवडणुका जिंकायच्या, मग विधिमंडळ. गर्भपात, समलिंगी विवाह, शाळेतली प्रार्थना यांबाबत बायबलला धरून कायदे करायचे, आणि वॉशिंग्टनने आडकाठी केली तर अमेरिकेतून फुटून निघायचं. अलाबामा आणि मिसिसिपीचाही विचार झाला होता. निवड झाली आमच्या राज्याची.

वर्ष २००३च का, तेही बघा. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवर बंदी घालणारा टेक्सासचा कायदा मोडीत काढला. १३ नोव्हेंबरला अलाबामाचे सरन्यायाधीश रॉय मूर यांना पदावरून काढलं, कारण कोर्टाच्या इमारतीत बसवलेली बायबलमधल्या दहा आज्ञांची जवळजवळ अडीच टनी शिळा हलवायचा हुकूम त्यांनी पाळला नव्हता. त्यानंतर पाचच दिवसांनी मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या बाजूने निकाल दिला. या लोकांना वाटलं, देश हातचा गेला.

आणि झालं काय? राज्याची लोकसंख्या तेव्हा चाळीस लाख. प्रत्यक्षात बोटांवर मोजण्याइतकी कुटुंबं आली. हाक देणारे बर्नेल स्वतः त्या काळात कॅलिफोर्नियात राहत होते! पुढे संघटनेची भाषाच बदलली. राज्य फुटायचं राहू द्या, प्रत्येकाने आपापल्या घरापुरतं फुटा, म्हणजे घरीच शाळा, घरचं धान्य, सरकारशी कमीत कमी संबंध. त्या बरण्या त्यातल्याच असाव्यात.

मला विचारायचंय ते हे. धर्माच्या पायावर राज्य उभारायला निघालेल्यांचं गाडं नेमकं कुठे अडतं? संख्येत, कायद्यात की आणखी कशात? जाणकारांनी भर घालावी.

---

चिंचेचा_कोळ

रोचक. पण एक कळलं नाही. चाळीस लाखांच्या राज्यात हजारोंनी जाऊन काय होणार होतं? आमच्या सोसायटीत सात बिऱ्हाडं एक झाली तरी पाण्याची टाकी धुतली जात नाही.

---

रीडीकाठचा

@चिंचेचा_कोळ, त्यांच्यापुढे नमुना होता. २००१ मध्ये जेसन सोरेन्स या तरुण राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने 'फ्री स्टेट प्रोजेक्ट' काढला होता. सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी म्हणणाऱ्या वीस हजार लोकांनी एका छोट्या राज्यात जायचं. २००३ मध्ये न्यू हॅम्पशायर ठरलं. वीस हजार सह्या जमायला २०१६ उजाडलं, आणि सही करणं वेगळं, घर विकून मुलांची शाळा बदलून जाणं वेगळं. पण काउंटीच्या निवडणुकीत मतदान इतकं कमी होतं की दोन-चारशे मतं इकडची तिकडे फिरवतात. त्यांचा हिशेब अगदीच खुळा नव्हता.

---

निवृत्त_मुन्सफ

फुटून निघण्याचा प्रश्न १८६९ मध्ये निकालात निघाला आहे. टेक्सास विरुद्ध व्हाइट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याला एकतर्फी बाहेर पडता येत नाही. गंमत म्हणजे २० डिसेंबर १८६० ला सगळ्यात आधी फुटलेलं राज्य तुमचंच, साऊथ कॅरोलायना. निवड करताना हा इतिहास त्यांच्या मनात नसेल असं मानायला मी तयार नाही. तो इतिहास गुलामगिरीचा आहे हेही लिहून ठेवतो.

दुसरं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमातच आहे की पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. तरी साऊथ कॅरोलायनाच्या घटनेत, परमेश्वराचं अस्तित्व नाकारणाऱ्याला पद मिळणार नाही, असं कलम होतं. चार्ल्स्टनचे गणिताचे प्राध्यापक हर्ब सिल्व्हरमन नास्तिक. त्यांनी नोटरी होण्यासाठी अर्ज केला. नोटरी! शिक्के मारायचं काम. अर्ज नाकारला, ते कोर्टात गेले, आणि १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ख्रिस्ती राज्य येण्याच्या गोष्टी सुरू झाल्या त्याच्या सहा वर्षं आधी तिथे नास्तिकाला शिक्का मिळालेला होता.

---

सॉल्टलेकची_सून

मुन्सफ साहेब, मस्त माहिती. आता माझ्या गावाचं, युटातल्या सॉल्ट लेक सिटीचं ऐका. इथे तर ते राज्य जवळजवळ झालंच होतं.

मॉर्मन या ख्रिस्ती धर्मातून निघालेल्या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने मारलं. मग ब्रिगहॅम यंग सगळ्यांना घेऊन पश्चिमेला निघाले आणि २४ जुलै १८४७ ला या खोऱ्यात पोचले. (२४ जुलैला इथे सुट्टी असते आणि ४ जुलैइतकेच फटाके. आमचा कुत्रा महिनाभर पलंगाखाली.) तेव्हा हा भाग मेक्सिकोचा होता, म्हणजे अमेरिका सोडायचीच म्हणून आले होते. पण पुढच्याच वर्षी युद्ध संपलं आणि अमेरिका त्यांच्या मागोमाग इथे आली!

१८४९ मध्ये त्यांनी 'डेझरेट' नावाचं राज्य जाहीर केलं. त्यांच्या ग्रंथात या शब्दाचा अर्थ मधमाशी. नकाशा बघितलात तर थक्क व्हाल. आजचा युटा, जवळजवळ सगळा नेव्हाडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाचा मोठा भाग, अगदी सॅन डिएगोपाशी समुद्रसुद्धा. काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) १८५० मध्ये त्याहून बराच लहान प्रदेश दिला, तोही 'युटा टेरिटरी' म्हणून.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी स्वतःची लिपी केली होती. अडतीस अक्षरं, उच्चाराप्रमाणे लिहायची, आपल्या देवनागरीसारखी. १८६८ मध्ये मुलांसाठी अंकलिप्या छापल्या. कुणी वापरल्या नाहीत. पुढच्याच वर्षी रेल्वे आली आणि बाहेरचं जग स्पेलिंगसकट गावात उतरलं.

बाकी गोष्ट इतकी गोड नाही. १८५२ मध्ये बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर केलं. १८५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी फौज पाठवली. त्याच घबराटीत सप्टेंबरमध्ये माउंटन मेडोजला मॉर्मन लोकांनी कॅलिफोर्नियाला चाललेल्या तांड्यातली सुमारे १२० माणसं मारली, पांढरं निशाण दाखवून त्यांची हत्यारं खाली ठेवून घेतल्यावर. लहान मुलं तेवढी वाचली. १८५८ मध्ये फौज शहरात आली तेव्हा सॉल्ट लेक रिकामं होतं. घरात गवत भरून ठेवलं होतं, फौजेने आगळीक केली तर पेटवून द्यायला. वेळ आली नाही.

शेवटी १८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त व्हायला लागली. १८९० मध्ये चर्चच्या अध्यक्षांनी बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं, आणि १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. म्हणजे धाग्यातल्या प्रश्नाचं माझं उत्तर, राज्य मिळालं, पण ज्यासाठी हवं होतं ते दारात काढून ठेवल्यावर.

---

सडेतोड_काका

अमेरिकेचं कौतुक पुरे. आपल्याच देशात 'नागालँड फॉर ख्राइस्ट' म्हणत बंदुका चालल्या त्यावर कुणी धागा काढणार नाही. तिथे सगळे मूग गिळून.

---

रेल्वेवाला_निवृत्त

सडेतोड काका, मी काढलाही असता, पण मी चार वर्षं दिमापूरला काढलीत म्हणून जरा बिचकतो. तिथे गेल्यावर सोपं बोलता येत नाही.

घोषणा खरी आहे. नागा बंडखोरांपैकी काहींनी भारत सरकारशी केलेल्या १९७५ च्या शिलाँग करारावर चिडून इसाक चिशी स्वू, मुइवा आणि खापलांग यांनी १९८० मध्ये एनएससीएन ही सशस्त्र नागा संघटना काढली, त्यांची ती घोषणा. त्यांच्या जाहीरनाम्यात ख्रिस्त आणि समाजवाद एकाच ताटात वाढलेले आहेत. पण मागणी घोषणेपेक्षा जुनी. १९२९ मध्ये नागा क्लबने सायमन कमिशनला निवेदन दिलं की आम्हाला आमचं आम्ही राहू द्या. तेव्हा बरेचसे नागा ख्रिस्ती झालेलेही नव्हते. १४ ऑगस्ट १९४७ ला नागा नेते फिझो यांच्या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं तेही जमीन आणि जमात या नावाने. धर्म नंतर झेंड्यावर आला.

आणि एक बाजू कुणी सांगत नाही. १९६४ मध्ये युद्धबंदी घडवून आणणारं शांती मंडळ कुणी उभं केलं? तिथल्याच बॅप्टिस्ट चर्च कौन्सिलने. त्यात जयप्रकाश नारायण होते, आसामचे मुख्यमंत्री चालिहा होते, रेव्हरंड मायकेल स्कॉट होते. तेव्हा 'ख्रिस्तासाठी' बंदूक उचलणारे आणि ख्रिस्तासाठी ती खाली ठेवा म्हणणारे एकाच रविवारी एकाच बाकावर बसायचे. पुढे १९८८ मध्ये एनएससीएनही फुटली. दोन्ही तुकड्यांचा ख्रिस्त एकच होता. फुटले ते जमातीवरून.

---

सडेतोड_काका

१९६४ चं माहीत नव्हतं. बघतो. माझा मुद्दा मात्र कायम.

---

फोंड्याचा_पोर

ख्रिस्ती राज्य कसं असतं ते विचारायला अमेरिकेत कशाला जायला हवं? आमच्या मंगेशीला विचारा. देव मूळचा कुठ्ठाळीचा. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलून नदीपार आणला, कारण अंत्रूज, म्हणजे आजचा फोंडा तालुका, तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली ती तशीच. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन (धर्म नीट पाळत नाहीत म्हणून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) होतं, ते कायमचं बंद झालं १८१२ मध्ये. आणि त्यात सगळ्यात जास्त भरडले कोण? नवे ख्रिस्ती. बाप्तिस्मा घेतल्यावरही घरात तुळस ठेवली, सणाला जुन्या चालीचा स्वयंपाक केला म्हणून. हिंदू पळून गेले, जे 'आत' आले त्यांच्यावर पाळत.

अवांतर: माझी मावशी अजून कुठ्ठाळीचं नाव घेताना हात जोडते.

---

जुनं_कोरेगाव_पार्क

मतदार आणून वसवायची युक्ती म्हणाल तर पुण्याचं नाव आधी यायला हवं. ख्रिस्ती नाहीत, पण पाठ तोच. कोरेगाव पार्कातून निघून रजनीशांच्या शिष्यांनी १९८१ मध्ये ओरेगॉनमध्ये चौसष्ट हजार एकरांचं रँच घेतलं आणि रजनीशपुरम वसवलं. शेजारचं अँटेलोप हे गाव इतकं लहान की थोड्या मतांत गावाची सत्ता हातात आली, गावाचं नावही 'रजनीश' केलं. मग वास्को काउंटी जिंकायची म्हणून शहराशहरांतून बेघर माणसं बसने भरून आणली, मतदार म्हणून. काउंटीने नोंदणीच रोखली. त्याच सुमारास, सप्टेंबर १९८४ मध्ये, काउंटीच्या मुख्य गावातल्या, द डॅल्समधल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू घातले, ७५१ माणसं आजारी पडली. स्थानिक मतदार घरी पडून राहावेत ही कल्पना.

ओरेगॉनच्या ॲटर्नी जनरलने १९८३ मध्येच मत दिलं होतं की जे शहर एका धर्मसंस्थेच्याच मालकीचं आहे त्याला नगरपालिका म्हणून मान्यता देणं हे घटनेतल्या धर्म-शासन फारकतीच्या विरुद्ध आहे. बर्नेल मंडळींनी हे प्रकरण वाचलं असतं तर बरं झालं असतं.

---

पहाटेचा_पाऊस

वाचतेय. मी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला, स्पोकेनला, म्हणजे इथला ताजा अंक माझ्या अंगणात. २०११ मध्ये जेम्स वेस्ली रॉल्स यांनी 'अमेरिकन रिडाउट' ही हाक दिली. आयडाहो, माँटाना, वायोमिंग आणि ओरेगॉन-वॉशिंग्टनचा पूर्व भाग, इथे येऊन धार्मिक, परंपरावादी लोकांनी पाय रोवायचे. आमचे आमदार मॅट शी वॉशिंग्टन राज्याचा पूर्व भाग तोडून 'लिबर्टी' राज्य करा म्हणून विधेयकं मांडत होते. २०१८ मध्ये त्यांचा 'युद्धाचा बायबलमधला आधार' असा एक मजकूर बाहेर आला. ते म्हणाले, ती जुन्या करारातल्या युद्धांवरच्या प्रवचनांची टिपणं आहेत. २०१९ च्या डिसेंबरात विधिमंडळाने नेमलेल्या तपासकांचा अहवाल आला, त्यात २०१६ मध्ये सशस्त्र माणसांनी ओरेगॉनमधल्या मॅल्हूर अभयारण्याचा जो कब्जा घेतला त्या संदर्भात त्यांच्यावर देशांतर्गत दहशतवादात सहभागाचा ठपका होता. त्यांनी तो नाकारला. खटला झाला नाही, पण २०२० मध्ये ते उभे राहिले नाहीत.

एक मात्र सांगते. दक्षिणेला लोकांना बोलवावं लागलं, इथे लोक आपणहून येतात. घरांच्या जाहिरातीत विहीर, सौर पॅनेल आणि समविचारी शेजारी एका ओळीत लिहिलेलं असतं. एक्झोडसने बस भरायची म्हटली, यांनी इस्टेट एजंटवर सोपवलं.

---

नगरची_मार्था

तीन दिवस वाचत होते, आज लिहिते. मी नगरची, चौथ्या पिढीची मराठी ख्रिस्ती. घरात मंडळी (म्हणजे चर्च), पाळक, उपासना, पवित्र शास्त्र हेच शब्द. त्यामुळे धाग्यातला 'एक्झोडस' वाचला की मला बायबलमधलं 'निर्गम' हे पुस्तक दिसतं, मोशे आणि चाळीस वर्षांचं रान. मोशे स्वतः वचनदत्त देशात पोचला नाही, हे त्या कॅलिफोर्नियावाल्या पुढाऱ्यांच्या लक्षात होतं वाटतं. 😊

पण मला वेगळंच सांगायचंय. आमची मंडळी ज्या अमेरिकन मराठी मिशनची, त्याचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. नगरचं ठाणं १८३१ चं, ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ पासून. त्यांना पाठवणारी संस्था बॉस्टनची, काँग्रिगेशनल पंथाची. आणि काँग्रिगेशनल म्हणजे न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांचे (धर्म शुद्ध करायला निघालेल्या कडव्या इंग्रज प्रोटेस्टंटांचे) थेट वारस. म्हणजे या धाग्यातल्या लोकांचे पणजोबा ते आमच्याही चर्चचे पणजोबा. घरातलीच भानगड म्हणून बोलते.

प्युरिटनांनी १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सला जे केलं तेच हे ख्रिस्ती राज्य. राजा दूर, बायबल हातात, सगळे निवडलेले. मताचा हक्क फक्त मंडळीच्या सभासदांना. पाचेक वर्षं झाली नाहीत तोच रॉजर विल्यम्स नावाचा पाळक म्हणाला, सरकारने लोकांच्या विवेकावर अंमल चालवू नये, आणि ही जमीन मूळ रहिवाशांकडून रीतसर घेतलेली नाही. त्याला हद्दपार केलं. तो भर थंडीत चालत गेला आणि प्रॉव्हिडन्स वसवलं. मग अ‍ॅन हचिन्सन, बाई घरी बसून प्रवचनांवर बोलते म्हणून बाहेर. १६६० मध्ये मेरी डायरला बॉस्टनला फाशी दिली. ती कोण होती? ख्रिस्तीच. क्वेकर पंथाची. हिंदू नव्हती, मुसलमान नव्हती, नास्तिक नव्हती. फोंड्याच्या भाऊंनी लिहिलं ना, आत आलेल्यांवर पाळत? तेच.

रीडीकाठचे भाऊ, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे. संख्या जमेल, कायदाही वाकवता येईल. पण ख्रिस्ती राज्य म्हणजे कुणाच्या ख्रिस्ताचं? बाप्तिस्मा पाण्यात बुडवून की डोक्यावर शिंपडून? कॅथलिक चालतील? मॉर्मन? शाळेत कुठल्या भाषांतरातली प्रार्थना? आमच्या मंडळीत गायनवहीतली चाल बदलली तर दोन वर्षं अबोला होतो. यांना अख्खं राज्य चालवायचं होतं.

आणखी एक. दक्षिणेत आज बॅप्टिस्ट सगळ्यात जास्त. अमेरिकेतली पहिली बॅप्टिस्ट मंडळी प्रॉव्हिडन्सला १६३८ मध्ये उभी केली ती याच हाकललेल्या विल्यम्सने. चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामध्ये भिंत हवी, हे त्याचं म्हणणं. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने १८०२ मध्ये 'भिंत' हा शब्द ज्या पत्रात लिहिला तेही कनेटिकटच्या बॅप्टिस्टांनाच, कारण त्यांना तिथल्या सरकारी चर्चचा जाच होता. ज्यांनी भिंत मागितली त्यांच्याच नातवंडांनी ती पाडायला ग्रीनव्हिल गाठावं!

टिळकांची आठवण येते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा. राज्य हाच शब्द, पण त्याला ना शेरीफ ना हद्द. आमच्या आजी त्यांचे अभंग म्हणत भाकऱ्या थापायच्या. रोमन सुभेदार पिलाताच्या दारात प्रभू येशू म्हणाला ते वाक्य आम्हाला शब्बाथ शाळेत पाठ करून घेतलं होतं, "माझे राज्य या जगाचे नाही." ते या मंडळींना कुणी पाठ करून घेतलं नसेल का?

---

चिंचेचा_कोळ

मार्थाताई, _/\_. गायनवहीच्या चालीबद्दल स्वतंत्र धागा काढाच.

---

निवृत्त_मुन्सफ

+१. एक किरकोळ दुरुस्ती म्हणावी तर, विल्यम्स बॅप्टिस्ट म्हणूनही फार काळ टिकला नाही, काही महिन्यांत तिथूनही बाहेर पडला. म्हणजे तुमचाच मुद्दा.

---

रीडीकाठचा

सगळ्यांचे आभार. मार्थाताईंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला.

काल आजोबांना पुन्हा विचारलं, त्या माणसाचं पुढे काय झालं. आजोबा स्वतः सदर्न बॅप्टिस्ट, पन्नास वर्षं एकाच चर्चला. म्हणाले, "आला तेव्हा आमच्याकडे यायचा. सहा महिन्यांनी म्हणाला, तुमचे पाळक मवाळ आहेत. मग प्रेस्बिटेरियनांकडे गेला. तिथे लहान मुलांच्या बाप्तिस्म्यावरून बिनसलं. मग रविवारी गॅरेजमध्येच खुर्च्या मांडायचा. आधी तीन कुटुंबं होती, मग दोन." आता मुलीकडे ओहायोला चाललाय, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. माणूस चांगला होता, वादळात झाड पडलं तेव्हा करवत घेऊन सगळ्यात आधी हाच आला, असंही आजोबांनी सांगितलं.

बरण्या आम्ही घेतल्या. डझनाला सहा डॉलर. झाकणं घट्ट बसतात, बायकोने लिंबाचं लोणचं भरलंय.

---

सॉल्टलेकची_सून

उपासाचं गोड की तिखट? इथे लिंबं महाग आहेत पण प्रमाण टाका.